अहमदनगरचा किल्ला आणि आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा : संरक्षणाच्या दर्जाचा प्रश्न व आधुनिक आव्हाने

सारांश

युद्धकाळात शत्रूच्या हाती सापडलेल्या माणसाला कोणते संरक्षण मिळावे, हा आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा मध्यवर्ती प्रश्न होय. १९०१ ते १९४५ या काळात अहमदनगरचा किल्ला व त्यालगतच्या लष्करी छावणीत बोअर युद्धकैदी, जर्मन नागरिक, नाझी राजवटीतून पळून आलेले ज्यू निर्वासित आणि भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते असे वेगवेगळ्या दर्जाचे बंदी ठेवण्यात आले होते. या बंदींच्या कायदेशीर स्थितीची तुलना करून सदर कायद्याचा विकास, त्यातील उणिवा, भारतातील त्याचे स्थान आणि आजची आव्हाने यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कायद्याचे संरक्षण माणसाच्या वेदनेवर नव्हे, तर त्याला दिलेल्या दर्जावर अवलंबून राहिले, हीच त्याची मूळ मर्यादा आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

महत्त्वाच्या संज्ञा : जिनिव्हा करार, युद्धकैदी, नागरी स्थानबद्ध, संरक्षक सत्ता, समान कलम ३.

१. प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा हा विषय विधी महाविद्यालयांपुरता मर्यादित आहे, अशी समजूत आढळते. राज्यशास्त्र, इतिहास व संरक्षणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात त्याचा उल्लेख येतो, परंतु तो बहुधा सोल्फेरिनोची लढाई, हेन्री ड्यूनाँ व रेडक्रॉसची स्थापना एवढ्यावरच थांबतो. परिणामी हा कायदा युरोपात जन्मला आणि युरोपातच वावरतो, असा विद्यार्थ्यांचा ग्रह होतो.

वस्तुस्थिती तशी नाही. शेवगाव तालुका ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी (आजचे अहिल्यानगर) या कायद्याच्या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे प्रत्यक्ष घडले आहेत. निजामशाहीच्या काळात बांधलेला, चांदबीबीच्या पराक्रमाने गाजलेला आणि १८०३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला नगरचा किल्ला विसाव्या शतकात बंदिवासाचे ठिकाण म्हणून वापरला गेला. किल्ल्याच्या भिंती त्याच राहिल्या, बंदी करणारी सत्ताही तीच होती. मात्र आत आलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्याने काय दिले, हे प्रत्येक वेळी बदलत गेले. या बदलाचा अर्थ समजून घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याची मूलतत्त्वे स्पष्ट करणे, (२) नगर येथील बंदिवासाच्या आधारे संरक्षित व्यक्तीच्या दर्जाचा विकास पाहणे, (३) भारतीय कायद्यातील त्याचे स्थान तपासणे, (४) आधुनिक आव्हानांचा व अध्यापनाच्या गरजेचा विचार करणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. कायद्याचे स्वरूप व मूलतत्त्वे

युद्ध सुरू करणे वैध की अवैध, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कक्षेत येतो. युद्ध सुरू झाल्यावर ते कसे लढावे व त्यात सापडलेल्यांना कसे वागवावे, हा प्रश्न मानवतावादी कायद्याचा आहे. म्हणून आक्रमक व बचाव करणारा अशा दोन्ही पक्षांवर तो सारखाच बंधनकारक असतो. न्याय्य बाजूने लढणाऱ्यालाही कैद्याचा छळ करण्याची मुभा हा कायदा देत नाही.

या कायद्याची मुख्य तत्त्वे चार आहेत. पहिले भेदाचे तत्त्व : लढणारे व न लढणारे, तसेच लष्करी लक्ष्य व नागरी वस्तू यांत फरक केला पाहिजे. दुसरे प्रमाणबद्धतेचे : अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत अतिरेकी ठरेल अशी नागरी हानी अपेक्षित असल्यास हल्ला करता येत नाही. तिसरे सावधगिरीचे : हल्ल्यापूर्वी लक्ष्याची खातरजमा करणे व शक्य तेथे इशारा देणे आवश्यक आहे. चौथे, अनावश्यक यातना देणारी शस्त्रे व पद्धती वर्ज्य आहेत. लिखित नियम जेथे अपुरे पडतात, तेथेही माणूस मानवतेच्या तत्त्वांच्या आश्रयाखाली राहतो, असे सांगणारे मार्टेन्स कलम १८९९ च्या हेग परिषदेपासून या कायद्याचा भाग आहे.

कालक्रमाने पाहता १८६४ चा पहिला जिनिव्हा करार, १८९९ व १९०७ च्या हेग परिषदा, १९२९ चा युद्धकैद्यांविषयीचा करार, १२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे दोन पूरक करार हे महत्त्वाचे टप्पे होत. नगरच्या किल्ल्यातील बंदी नेमके या टप्प्यांच्या मधल्या काळात येऊन गेले.

४. नगरचा किल्ला : एक जागा, अनेक दर्जे

४.१ बोअर युद्धकैदी

दक्षिण आफ्रिकेतील इंग्रज-बोअर युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये सुरू झाले व मे १९०२ मध्ये संपले. पकडलेल्या हजारो बोअर सैनिकांना सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा व भारत येथे पाठविण्यात आले. भारतातील छावण्यांपैकी एक अहमदनगर येथे होती. युद्धाच्या काही महिने आधीच हेग येथे भूयुद्धाचे नियम मान्य झाले होते. परंतु बोअर प्रजासत्ताकांना त्या परिषदेचे निमंत्रणच नव्हते. तरीही लढणाऱ्या सैनिकाला गुन्हेगार न मानता युद्धकैदी मानावे, ही प्रथा तोवर रुजली होती आणि बोअर सैनिकांना तिचा लाभ मिळाला.

त्यांच्या कुटुंबांना मात्र तो मिळाला नाही. ब्रिटिश सैन्याने शेतघरे जाळून बोअर स्त्रिया व मुलांना छावण्यांत कोंडले. रोगराई व उपासमारीमुळे तेथे सुमारे २६,००० स्त्रिया व मुले मृत्यू पावली. कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या व तेथेही हजारोंचा अंत झाला. शस्त्र हाती घेतलेला पुरुष नगरच्या छावणीत सुरक्षित राहिला, तर शस्त्र न उचललेली त्याची पत्नी व मुले असुरक्षित राहिली. सैनिकाभोवती रचलेल्या कायद्याची ही पहिली मोठी उणीव होय.

४.२ पहिले महायुद्ध

१९१४ साली युद्ध सुरू होताच भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रुदेशीय परकीय' ठरवून स्थानबद्ध करण्यात आले. अहमदनगर ही त्यासाठीची प्रमुख छावणी होती. व्यापारी, खलाशी, धर्मोपदेशक अशा अनेक प्रकारचे लोक तेथे होते. हेग नियमांत युद्धकैद्यांची तरतूद होती; पण शत्रूच्या हद्दीत राहणाऱ्या सामान्य नागरिकाला स्थानबद्ध केल्यास त्याचे काय, याविषयी ते नियम मौन बाळगून होते. या मौनावर तटस्थ राष्ट्रांच्या मध्यस्थीने काहीसा तोडगा निघाला. जर्मनीच्या हितसंबंधांची देखरेख १९१७ पर्यंत अमेरिकेकडे व नंतर स्वित्झर्लंडकडे होती. तटस्थ निरीक्षकाची भेट हाच स्थानबद्धांचा मुख्य आधार होता.

याच काळातील दुसरी घटना महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे सहाव्या (पुणे) डिव्हिजनने तुर्की सैन्यापुढे शरणागती पत्करली. सुमारे १३,००० लोक कैद झाले. त्यांत १०३ व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींचे जवान होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वागणूक मिळाली, तर साध्या सैनिकांना वाळवंटातून शेकडो मैल चालविण्यात आले. उपासमार, आजार व मारहाण यांमुळे हजारो जण दगावले. नगरच्या छावणीत तटस्थ निरीक्षक पोहोचू शकत होते. त्या वाटेवर कोणीच पोहोचू शकत नव्हते. नियमांचे अस्तित्व पुरेसे नसते, ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा लागते, हा धडा या दोन प्रसंगांच्या तुलनेतून मिळतो.

४.३ दुसरे महायुद्ध : शत्रूचा नागरिक की शत्रूचा बळी?

१९२९ च्या करारामुळे युद्धकैद्यांची स्थिती सुधारली. नागरिकांसाठीचा मसुदा मात्र १९३४ साली टोकियो येथील रेडक्रॉस परिषदेत मान्य होऊनही प्रत्यक्ष करारात उतरला नाही. त्यासाठी १९४० मध्ये योजलेली परिषद युद्धामुळे झालीच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये भारतातील जर्मन पुरुषांना पुन्हा अहमदनगर येथे आणण्यात आले. पुढे 'तिबेटमधील सात वर्षे' या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेले ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर यांनाही प्रथम नगर येथे व नंतर देवळाली आणि डेहराडून येथे ठेवण्यात आले होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या प्रयत्नांमुळे युद्धकैद्यांचे नियम नागरी स्थानबद्धांनाही साधर्म्याने लावण्याचे युद्धमान राष्ट्रांनी मान्य केले. जर्मनीसाठी संरक्षक सत्तेची भूमिका स्वित्झर्लंडने बजावली.

तथापि एक गंभीर अन्याय शिल्लक राहिला. हिटलरच्या छळापासून जीव वाचवून भारतात आलेले ज्यू निर्वासितही कागदोपत्री 'जर्मन' वा 'ऑस्ट्रियन' होते. त्यामुळे नाझी समर्थक आणि नाझींचे बळी एकाच तारेच्या कुंपणात आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी केल्यानंतर अनेकांची सुटका झाली. पण १९४० मध्ये युद्धाची स्थिती बिघडताच काहींना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. माणसाने काय भोगले आहे यापेक्षा त्याच्या पारपत्रावर काय लिहिले आहे, हे निर्णायक ठरले.

४.४ १९४२ : कायद्याच्या बाहेरचे बंदी

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक करून काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत व महाराष्ट्राचे शंकरराव देव आदी बारा नेते तेथे होते. त्यांची स्थानबद्धता अडीच वर्षांहून अधिक काळ चालली. येथेच १९४४ साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला, हे सर्वश्रुत आहे.

त्यांच्या कायदेशीर स्थितीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. हे बंदी युद्धकैदी नव्हते, कारण ते सैनिक नव्हते. शत्रुदेशीय नव्हते, कारण ते ब्रिटिश प्रजाजन मानले जात. आणि गुन्हेगारही नव्हते, कारण त्यांच्यावर खटलाच चालविला गेला नाही. त्यांना कोठे ठेवले आहे, हेही सुरुवातीला सरकारने जाहीर केले नव्हते आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क जवळजवळ तोडण्यात आला होता. एप्रिल १९४३ मध्ये मौलाना आझाद यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले, तेव्हा ते किल्ल्यातच होते. भेटीसाठी सरकारकडे सवलत मागण्यास त्यांनी स्वाभिमानाने नकार दिला होता. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत ज्या नगरमध्ये जर्मन स्थानबद्धांच्या वतीने स्वित्झर्लंड विचारणा करू शकत होता, त्याच नगरमध्ये या देशाच्या नेत्यांच्या वतीने विचारणा करू शकेल अशी कोणतीही आंतरराष्ट्रीय यंत्रणा नव्हती. राज्य व त्याचे प्रजाजन यांच्यातील संबंध हा 'अंतर्गत प्रश्न' मानला जाई. येथे कायद्याची सीमा संपत होती.

५. १९४९ चे करार : उणिवांची भरपाई

वरील उणिवा समोर ठेवून १९४९ च्या करारांचे वाचन केल्यास त्यांतील कलमे अधिक अर्थपूर्ण वाटतात. चौथा करार संपूर्णतः नागरिकांसाठी आहे. त्याच्या कलम ४३ नुसार स्थानबद्धतेचा फेरविचार वर्षातून किमान दोनदा व्हावा लागतो. कोणत्याही सरकारचे संरक्षण नसलेल्या निर्वासितांना केवळ राष्ट्रीयत्वाच्या आधारे शत्रू मानू नये, असे कलम ४४ सांगते. नगरच्या कुंपणातील ज्यू निर्वासितांचा प्रश्न त्यात प्रतिबिंबित झाला आहे. कलम १०६ नुसार स्थानबद्धतेच्या ठिकाणी पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत आपला ठावठिकाणा कुटुंबाला कळविण्याचा हक्क आहे. कलम १०७ नुसार, पत्रसंख्येवर मर्यादा घालावीच लागली तरी दरमहा किमान दोन पत्रे व चार कार्डे पाठविण्याची मुभा द्यावी लागते.

सर्वांत क्रांतिकारक तरतूद चारही करारांत समान असलेले कलम ३ ही होय. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही हत्या, छळ, ओलीस ठेवणे, अप्रतिष्ठा आणि योग्य न्यायालयाविना शिक्षा या गोष्टी वर्ज्य ठरविणारे हे किमान संरक्षण आहे. ते राज्य व बंडखोर गट या दोघांवरही बंधनकारक आहे. तथापि 'सशस्त्र संघर्ष' अस्तित्वात असल्याशिवाय तेही लागू होत नाही. १९४२ चे आंदोलन आज घडले असते, तर सदर कलम त्याला लागू झाले असते असे म्हणता येणार नाही. तेथे मानवी हक्कांचा कायदा व देशाची राज्यघटना हाच आधार ठरतो.

६. भारतीय कायद्यातील स्थान

भारताने १९५० साली चारही जिनिव्हा करारांना अनुसमर्थन दिले. १९७७ च्या दोन्ही पूरक करारांत भारत सहभागी नाही. राज्यघटनेचे कलम ५१ (क) आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढविण्यास सांगते, आणि १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम गंभीर उल्लंघनांसाठी शिक्षा ठरवितो. मात्र त्या अधिनियमाच्या कलम १७ नुसार शासनाने वा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही.

या मर्यादेचे स्पष्टीकरण गोव्यातील एका खटल्याने झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांना युद्धकैदी म्हणून ठेवून मे १९६२ मध्ये परत पाठविण्यात आले. तेथील धर्मगुरू मोन्सेन्योर सेबास्तियांव मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले होते. परवान्याची मुदत संपल्यावरही गोव्यात राहिल्याबद्दल त्यांच्यावर परकीय नागरिक अधिनियमाखाली खटला झाला. चौथ्या जिनिव्हा करारानुसार व्याप्त प्रदेशातील संरक्षित व्यक्तीला हद्दपार करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो फेटाळला. गोवा भारताचा भाग झाल्यामुळे 'व्याप्ती' संपली आहे आणि १९६० चा अधिनियम व्यक्तीला न्यायालयात दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. जागेला व व्यक्तीला कोणता दर्जा दिला जातो, यावरच संरक्षण अवलंबून असते, हे येथेही दिसून येते.

१९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९०,००० पाकिस्तानी युद्धकैदी व स्थानबद्ध भारताच्या ताब्यात होते. तिसऱ्या कराराचे कलम ११८ प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विनाविलंब सुटका करण्यास सांगते. परंतु बांगलादेशाची मान्यता व युद्धगुन्ह्यांचे प्रस्तावित खटले यांमुळे ही प्रक्रिया १९७४ पर्यंत लांबली. कायदा पाळला जातो, पण तो राजकारणाच्या गतीने पाळला जातो, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

७. आधुनिक आव्हाने

(अ) दर्जा नाकारण्याची प्रवृत्ती : जानेवारी २००२ पासून अमेरिकेने ग्वांतानामो येथे ठेवलेल्या बंदींना 'बेकायदा लढवय्ये' असे संबोधून युद्धकैदी व गुन्हेगार या दोन्ही दर्जांबाहेर ठेवले. हमदान खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली समान कलम ३ त्यांना लागू होते, असा निर्वाळा दिला. नगरच्या किल्ल्यातील १९४२ ची पोकळी साठ वर्षांनंतर दुसऱ्या खंडात पुन्हा निर्माण झाली होती. या वेळी मात्र ती भरण्यासाठी कायद्याचे एक कलम उपलब्ध होते.

(आ) अंतर्गत संघर्ष : आजचे बहुसंख्य संघर्ष राज्य व सशस्त्र गट यांच्यात आहेत. राज्ये त्यांना 'सशस्त्र संघर्ष' म्हणण्यास सहसा तयार नसतात, कारण त्यामुळे विरोधी गटाला प्रतिष्ठा मिळेल अशी भीती असते. वास्तविक कलम ३ च्या अंमलाने कोणत्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, असे त्या कलमातच नमूद आहे. गडचिरोलीतील नक्षलवादी हिंसाचाराकडे भारताने अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न म्हणूनच पाहिले. तेथील आदिवासी नागरिकाला हिंसा दोन्ही बाजूंनी सोसावी लागली. अशा ठिकाणी संरक्षणाचा भार राज्यघटनेच्या कलम २१ वर येतो. पोलीस चकमकींच्या चौकशीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिलेले निर्देश या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

(इ) वैद्यकीय सेवेवरील हल्ले : १९३८ साली चीनमध्ये गेलेल्या वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे युद्धभूमीवरील वैद्यकीय सेवेची परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफगाणिस्तानातील कुंदुझ येथील रुग्णालयावर अमेरिकी हवाई हल्ला होऊन ४२ जण ठार झाले. पुढील वर्षी सुरक्षा परिषदेने अशा हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव क्रमांक २२८६ संमत केला. त्यानंतरही युक्रेन, सुदान व गाझा येथे रुग्णालये हल्ल्यांतून सुटली नाहीत.

(ई) तंत्रज्ञान व प्रसारमाध्यमे : मानवरहित विमाने, संगणकीय हल्ले व स्वयंचलित शस्त्रे यांमुळे लक्ष्य निवडण्याचा निर्णय नेमका कोणाचा व दोष कोणाचा, हे ठरविणे अवघड झाले आहे. दुसरा प्रश्न कैद्याच्या प्रतिष्ठेचा आहे. तिसऱ्या कराराचे कलम १३ युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय बनविण्यास मनाई करते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्या चित्रफिती प्रसृत झाल्यावर भारताने याच कायद्याच्या आधारे आक्षेप नोंदविला होता.

(उ) करारांतून माघार : भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारातून बाहेर पडण्याची सूचना २०२५ साली लिथुआनिया, लाट्विया, एस्टोनिया, फिनलंड व पोलंड यांनी दिली. भीती वाढली की मान्य केलेले निर्बंधही सैल होतात, याचे हे द्योतक आहे.

८. अध्यापनाचे दायित्व

चौथ्या कराराचे कलम १४४ शासनांना या कायद्याचा समावेश लष्करी व शक्य असल्यास नागरी शिक्षणक्रमात करण्यास सांगते, जेणेकरून त्याची तत्त्वे संपूर्ण जनतेला ज्ञात व्हावीत. अध्यापन हा अशा प्रकारे कराराच्या अंमलबजावणीचाच एक भाग ठरतो. नगर जिल्ह्यातील अनेक तरुण सैन्यदलांत व पोलीस दलांत भरती होतात. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. महाविद्यालयीन वयात या तत्त्वांचा परिचय झाल्यास पुढे मिळणाऱ्या औपचारिक प्रशिक्षणाला वैचारिक अधिष्ठान लाभेल.

या दृष्टीने पुढील उपक्रम सुचविता येतील : (१) इतिहास व राज्यशास्त्र विभागांनी नगरच्या किल्ल्याची अभ्यासभेट आयोजित करताना १९४२ बरोबरच बोअर व जर्मन बंदींचाही इतिहास सांगावा, (२) मोंतेरो खटल्यावर विद्यार्थ्यांकडून अभिरूप न्यायालयाचे सादरीकरण करून घ्यावे, (३) राष्ट्रीय छात्र सेना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत समान कलम ३ चे मराठीतून वाचन व चर्चा घ्यावी, (४) मराठा पलटणींच्या युद्धकैद्यांविषयीच्या कौटुंबिक आठवणी व कागदपत्रे गावपातळीवर संकलित करावीत.

९. निष्कर्ष

नगरच्या किल्ल्यातील बंदींचा विचार करता पुढील निष्कर्ष निघतात. प्रथमतः, मानवतावादी कायद्याने आपले वर्तुळ क्रमाक्रमाने वाढविले : सैनिकाकडून नागरिकाकडे, नागरिकाकडून निर्वासिताकडे आणि शेवटी देशांतर्गत संघर्षात सापडलेल्या माणसाकडे. द्वितीयतः, प्रत्येक विस्तार आधीच्या युद्धातील यातनांनंतर झाला. कायदा नेहमी एक युद्ध मागे राहिला. तृतीयतः, दर्जा ठरविण्याचा अधिकार बहुतांशी बंदी करणाऱ्या सत्तेकडेच राहिल्यामुळे आजही नवे शब्द वापरून जुन्या पोकळ्या निर्माण करता येतात. यास्तव दर्जाविषयी वाद असला, तरी किमान मानवी वागणूक, कुटुंबाला माहिती, तटस्थ भेट व न्यायालयीन तपासणी या चार गोष्टी कोणत्याही बंदीला नाकारता येऊ नयेत, हा आग्रह धरणे आवश्यक आहे. १९४२ च्या बंदींना तटस्थ भेट व न्यायालयीन तपासणी यांपैकी काहीच मिळाले नव्हते. त्यांच्याच पिढीने स्वतंत्र भारताची राज्यघटना घडविली, तिच्या कलम २१ मध्ये नागरिक व परकीय असा भेद न करता 'कोणतीही व्यक्ती' हा शब्दप्रयोग आला, आणि आठ वर्षांनंतर त्यांच्याच शासनाने जिनिव्हा करारांना अनुसमर्थन दिले. सदर कायद्याच्या अध्यापनाची सुरुवात जिल्ह्याच्या या वारशापासून करणे सर्वथा उचित ठरेल.